आवाज नसलेले बारा सेकंद

इरफानला माती देऊन आत्ताच घरी आलो. हात धुतले आणि लिहायला बसलो.

काल दुपारी हृदयविकाराने तो गेला. अजून पन्नाशीही गाठली नव्हती.

मित्रांनो, मी सहसा कोणाची स्तुती करत नाही. चाळीस वर्षे मराठी व्याकरण शिकवल्यावर माणसाला चुकाच आधी दिसतात. तरीही आज जे लिहितो आहे, त्यातला एकही शब्द वाढवून लिहिलेला नाही.

इरफानच्या वडिलांचा लातुरात फोटो स्टुडिओ होता. लग्नांचे व्हिडिओ शूटिंग हा त्यांचा मुख्य व्यवसाय. इरफान त्याच दुकानात वाढला आणि पुढे कोणत्याही पदवीवाचून प्रोग्रामिंग शिकला.

जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेल्या, कोणालाही मोफत वापरता येणाऱ्या ओपन सोर्स व्हिडिओ लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, हे त्याचे अवजार.

लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, तेव्हा त्याने त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. शिकवलेल्या तासाचा व्हिडिओ त्यात टाकायचा. प्रोग्राम त्यातल्या शांत जागा शोधून कापायचा, फाइल लहान करायचा आणि क्लासच्या वेबसाइटवर चढवायचा. काम झाले की मूळ फाइल आपोआप पुसायचा, कारण हार्ड डिस्क कायम भरलेली.

निवृत्तीनंतर मी एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांचे व्याकरण शिकवत होतो. माझाही तास असाच कापला गेला. मी संतापून त्याच्याकडे गेलो.

"प्रश्न विचारून मी मुद्दाम थांबतो. तेवढ्यात विद्यार्थी विचार करतात!"

"करतात की, सर. पण कंधारच्या पोराचा नेटपॅक तेवढ्यात संपतो."

तरी त्याने माझ्या तासांपुरती ती कात्री बंद केली.

आमची मैत्री तिथून सुरू झाली.

आता खरी गोष्ट सांगतो.

क्लासशेजारी कमलबाई मेस चालवत. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचे गाव गेले, तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. आई गेली. घरासोबत आईचा एकुलता एक फोटोही गेला.

एकदा भाजी वाढताना त्या मला म्हणाल्या, "सर, भूकंपाच्या आदी उन्हाळ्यात मावशीचं लगीन झालं व्हतं. शूटिंग इरफानभाईच्या अब्बांनीच केली व्हती. त्यात माय असंल का वो?"

त्या काळी लग्नाची कॅसेट महिनोन्‌महिने मिळत नसे. गाणी घालून मिक्सिंग व्हायचे, ते रखडायचे आणि लोक स्टुडिओवाल्याच्या नावाने बोटे मोडायचे. ही कॅसेटही तशीच रखडली होती. म्हणून गावी न जाता स्टुडिओतच राहिली आणि वाचली.

मी सांगितल्यावर इरफानने माळ्यावरून ती काढली, कॉम्प्युटरवर घेतली आणि हाताच्या सवयीने आपल्या प्रोग्राममधून काढून कमलबाईंना दाखवली.

बँड दिसला, वऱ्हाड दिसले, रुसलेले व्याही दिसले. आई नव्हती.

"न्हाई कशी? माय मांडवात बायकांत बसली व्हती. माझी येणी घालत व्हती. अब्बांनी कॅमेरा आमच्याकडं केलता, मला चांगलं याद हाय."

इरफानचा चेहरा पडला. त्याला वडिलांची पद्धत आठवली. ज्या भागावर पुढे गाणे चढवायचे, तिथे ते माइकची वायरच काढून ठेवत. बायकांच्या पंगती, आहेर, मांडवातली बसलेली माणसे हे सगळे मुके शूटिंग. बापाने गाण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा लेकाच्या प्रोग्रामने निरुपयोगी समजून कापली होती.

मूळ फाइल पुसली गेली होती. बुरशी धरलेली कॅसेट त्या पहिल्याच वेळी, कॉम्प्युटरवर घेऊन झाल्यावर मागे गुंडाळताना, व्हीसीआरमध्ये अडकून चुरगळली होती.

"कॅसेटच खराब होती" असे सांगून तो मोकळा होऊ शकला असता. मीच त्याला तसे सुचवले, हे आज लाजेने कबूल करतो.

"न्हाई, सर. मायची बात हाय." एवढे म्हणून तो मेसमध्ये गेला आणि पोरांच्या देखत कमलबाईंना म्हणाला, "ताई, तुमची माय कॅसेटमध्ये होती. चूक माझी. मी काढली तिला. आणून दाखवतो."

मग दीड महिना त्याने दुसरे काम घेतले नाही. ती फीत वीतभर-वीतभर पुसून सरळ केली. पण चुरगळलेल्या जागी चित्र फाटायचे आणि लायब्ररीतला कोड अशी फाटकी चित्रे टाकून देऊन पुढे जायचा. इरफानने तो कोड उघडून वाचला, बदलला, पुन्हा पुन्हा बदलला. फाटके असले तरी चित्र टाकून द्यायचे नाही, एवढीच त्याची मागणी होती.

तो बदल त्याने सगळ्यांसाठी खुला केला. परदेशातल्या जाणकारांनी बऱ्याच शंका काढल्या, याने प्रत्येकीचे उत्तर दिले आणि शेवटी तो बदल लायब्ररीत घेतला गेला. हे त्याने लातुरात माझ्याखेरीज कोणाला सांगितले नाही.

एका दुपारी त्याने कमलबाईंना आणि मला दुकानात बोलावले.

पडद्यावर आधी नुसत्या रेघा. मग एक तरुण बाई. पुढ्यातल्या मुलीची वेणी घालते आहे. कॅमेरा दिसताच पदर ओढते, मान वळवते आणि हसते. मुलगी हलते, तेव्हा तिच्या डोक्यावर टपली मारते.

बारा सेकंद. आवाज नाही.

कमलबाईंनी ते कितीदा पाहिले, मी मोजले नाही.

"गाणं टाकू का, ताई? अब्बा टाकणारच होते."

"नको, भाई. असंच ऱ्हाऊ द्या."

थोड्या वेळाने त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, माय माझ्याहून ल्हान हाय की वो."

इरफान खाली मान घालून वायरी गुंडाळत राहिला.

इरफान, तुझ्या कामात मला एकच चूक आढळली, आणि तीही तूच दाखवलीस.

या म्हाताऱ्या मास्तरचा तुला अखेरचा सलाम. शांत झोप, बेटा.