खिडकीजवळची खाट

मित्रांनो, आज लेकीला लातूरला सोडून आलो. उमरीला घरी पोचलोय, पण बायकोला हे सांगायची हिंमत होत नाही, म्हणून इथं लिहितोय.

नीटच्या क्लासजवळ मुलींची खोली बघितली. दोन खाटा. घरमालकीण काकू खिडकीजवळच्या खाटेवर हात ठेवून म्हणाल्या, "या खाटेवरच्या पोरीचा एमबीबीएसला नंबर लागला, भाऊ. लई लोक हीच मागतेत."

"आणि दुसऱ्या खाटेवरची?" लेकीनं विचारलं.

"तिला न्हाई झेपलं. दिवाळीला गेली, ती आलीच न्हाई."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरी एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तशी लेकीची बॅग चटकन खिडकीजवळच्या खाटेवर टाकली.

काकू खाली गेल्या आणि चाकूरहून एक मुलगी आईसोबत आली. उरलेल्या खाटेवर आईनं घरची गोधडी अंथरली, चारी कोपरे ओढून नीट केले. भिंतीवर जुन्या मुलीचं वेळापत्रक अजून चिकटलेलं होतं. ते वाचत पोरीनं मला विचारलं, "काका, इथली ताई कुठं गेली?"

"तिचाबी नंबर लागला," मी म्हणालो.

तिच्या आईनं त्या खाटेला हात लावून कपाळाला लावला.

माझी लेक माझ्याकडं बघत राहिली. निघताना नेहमीसारखी पाया पडायला आली नाही.

खरं सांगा, तुम्ही असता तर खिडकीजवळच्या खाटेवरून बॅग उचलली असती का?