किनारीचा धोटा

आंधळगावात मोतीलाल विणकराचं घर विचारलं की लोक आधी त्याच्या रागाबद्दल सांगायचे आणि मग रस्ता. दोन्ही गोष्टी खऱ्या असत. उभा जन्म त्यानं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, करवती साड्या विणल्या. काठाचा एक दाता चुकला तरी चार बोटं विणलेलं उकलायला लावायचा, मग चुकणारा तो स्वतः असो की घरचं कोणी.

करवती साडी एकट्याच्या हातची नसते. खड्ड्यात पाय सोडून विणकर मागावर बसतो आणि मधल्या कोशाचा धोटा फेकतो. किनारीचा धोटा बाजूला बसलेल्या माणसाच्या हातात. दोघांचे धागे एकमेकांत अडकले की काठावर करवतीचे दाते उमटतात. मोतीलालच्या बाजूला आधी त्याची बायको सुमित्राबाई बसायची. तिची कंबर धरली तेव्हा नऊ वर्षांची लेक करुणा बसू लागली, ती लग्न होऊन जाईपर्यंत. अकरा वर्षं बापलेक एका तालात धोटे फेकत राहिले आणि दिवसाकाठी दहा शब्दही बोलत नसत.

सतरा वर्षांची असताना एकदा तिनं विचारलं.

"बाबा, एक डाव मले मागावर बसू द्या ना. मले येते."

"बाजूले बसणं अलग आणि मागावर बसणं अलग. आपल्या घरी बाई खड्ड्यात उतरत नाही. तुह्या आजीनं नाही केलं, मायनं नाही केलं."

"पण काहून?"

"काहून म्हंजे? नाही उतरत म्हणून नाही उतरत."

संपलं! मोतीलालचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. करुणानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आणि गंमत बघा, याच माणसानं घरातली सगळ्यात जुनी रीत स्वतःच्या हातानं मोडली होती. पाच पिढ्या बापाचा माग पोराकडे येत होता. पण आपला मुलगा हेमराज याला मोतीलालनं मागाला हात लावू दिला नाही. "मले बापानं सातवीतून ओढून मागाले बांधलं. मी माह्या पोराले बांधणार नाही," असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. हेमराज शिकला, नागपूरला नोकरीला लागला. यात बापाचं काही चुकलं असं कोणी म्हणू नये. पण एक रीत मोडायची छाती असलेल्या माणसाला दुसरी मोडायचं सुचूसुद्धा नये, याचा राग येतो.

यंदा पोळ्यानंतर मोतीलालचा डावा हात लकव्यानं गेला, पायही ओढत चालू लागला. मागावर साडी अर्धी राहिली. हेमराज रजा टाकून आला. मागाच्या खोलीतला खड्डा बुजवावा, फरशी घालावी, तिथं बाबांची खाट टाकावी आणि लागूनच संडास बांधावा, असं त्याचं म्हणणं होतं. पोरगं वाईट नव्हतं, बापाच्या सोयीचंच बोलत होतं.

"माग नको मोडू," मोतीलाल म्हणाला. "ही साडी तरी होऊ दे."

"कोण विणन, बाबा? मले तुम्ही शिकवलं नाही."

 मोतीलालनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी करुणा लाखनीहून बापाला बघायला आली. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती. सासरी माग नव्हता, दीड एकर धान होतं. घरची रोवणी, म्हणजे भातलावणी, झाली की ती दुसऱ्यांच्या बांधीत मजुरीनं रोवायला जायची. चहा झाल्यावर मोतीलालनं तिला जवळ बोलावलं. घसा खाकरला. हा माणूस आयुष्यात कोणाला विनंती करायला शिकला नव्हता.

"बाई, बसतं का मागावर?"

 करुणा पदर खोचून उठली आणि खड्ड्यात उतरली. पाय आपोआप खालच्या, पायानं दाबायच्या पावड्यांवर गेले. फणी कुठवर ओढायची, धोटा कसा सोडायचा, तिला काही सांगावं लागलं नाही. मोतीलाल उजव्या हातात किनारीचा धोटा घेऊन बाजूला टेकला. पहिला दाता बरोबर बसला, दुसराही. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

तिसऱ्याला धागा तुटला. करुणानं तो सांधला. पुन्हा तुटला. कोशाचा बारीक धागा तिच्या बोटांच्या भेगांत अडकत होता. वीस वर्षं चिखलात रोवणी केलेली बोटं ती, जागोजागी फाटलेली. ती हलक्यानं सोडवायला गेली की शेजारचा धागा अडके. सुमित्राबाई तेलाची वाटी घेऊन लगबगीनं आली आणि दारातच थबकली. कोशाला तेलाचा हात चालत नाही, हे त्या घरात कोणाला सांगायला नको होतं.

"सगळं ध्यानात आहे, बाबा," करुणा म्हणाली. "पण धागा बोटाले धरून राहिला."

साडी खराब होऊ नये म्हणून तिनं दोन्ही हात वर उचलून धरले आणि तशीच खड्ड्यातून बाहेर आली. हेमराज खाली बघत उभा होता.

तेवढ्यात शेजारचा परसराम तब्येत विचारायला आला. तोही जुना विणकर. थांबलेला माग आणि मान खाली घालून उभा असलेला हेमराज पाहून त्यानं नेहमीचा सूर लावला, "काय सांगाचं मोतीलाल, आताच्या पोरायले बापजाद्यांच्या कामाची कदरच नाही."

एरवी मोतीलालनं मान डोलावली असती.

"पोरायले नावं नको ठेऊ, परसराम," तो म्हणाला. "मागावर बसाले आली होती माही पोरगी. सतरा वर्षांची होती, हात कसे लोण्यावानी होते. मीच नाही म्हटलं तिले."

करुणा पिशवी भरत होती, लाखनीची गाडी चुकू नये म्हणून. तिचे हात थांबले. इतकी वर्षं सासरी तिनं कधी डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. आता ती बापाच्या पायाशी बसली आणि मोठ्यानं रडली. मोतीलालनं चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि हेमराजला सांगितलं, "उद्या गवंड्याले बोलाव, खड्डा बुजवून टाक."