एकादशीची भाकरी

सकाळी उठल्यावर पहिला शब्द उच्चारायची मला भीती वाटायची. दिवाळीपासून आवाज घोगरा झाला होता, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. आधी आवाज बसला, मग गाठ निघाली, वर्षभरात ते गेले. मी घरात कुणाजवळ बोलले नाही. दहिवलीच्या देवळात विठोबाला मात्र सांगितलं, की आवाज परत येईपर्यंत सोमवार, गुरुवार, एकादशी, सगळे उपास करीन. दिवसभर नुसता चहा, भजनाहून आल्यावर मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी, आणि लगेच अंथरूण. आवाज आणखी बसला, तशी मी हट्टाने शनिवारही धरला.

घशाचे एक डॉक्टर आठवड्यातून एकदा कर्जतला यायचे. एका एकादशीला, मी शिकवत असे त्या शाळेतून परस्पर तिथे गेले. बाकावर बसले खरी, पण स्पिरिटचा वास आला आणि उठलेच. मी निघाले, तेवढ्यात शेजारच्या बाईने पदर धरला. खालापूरकडची शेतकरीण होती, गळ्याला फडकं गुंडाळलेलं, आवाज माझ्याहून खोल गेलेला.

“बस गं बाय. माजा लंबर तुज्यामागं हाय. तू गेलीस तर मी पन पळंन.”

तिच्यासाठी म्हणून मी बसले.

डॉक्टरांनी छोटा आरसा दिव्यावर गरम करून घशात धरला. तेवढ्या वेळात वडिलांचं सगळं आजारपण माझ्या डोळ्यांपुढून गेलं. “गाठ नाही,” ते म्हणाले. “पोटातलं आंबट पाणी झोपेत वर येतं, त्याने स्वरयंत्र लाल झालंय. छातीत जळजळ नसली तरी असं होतं. जेवता कधी?” माझे उपास ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. उपास आजपासून बंद, चहा-मिरची बंद, झोपण्याआधी तीन तास काही खायचं नाही, पातळ पांढरं औषध, आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट.

पायरीवर येऊन बसले, पण भीती जाईना. नवस मोडला म्हणून देवाने खरंच गाठ धाडली तर? बऱ्याच वेळाने ती बाई बाहेर आली, शेजारी टेकली. मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने पिशवीतलं भाकरीचं फडकं सोडलं, तांदळाची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

“खा. तुला उपाशी ठेवून त्याला काय मिळनार हाय गं?”

मी रडत रडत खाल्ली. आपली अर्धी तिने तशीच बांधून ठेवली. तिची एस.टी. आली, ती चढून गेली.

संध्याकाळी विटा ठेवताना मनात आलं, विठोबाला एक पुरते, मला दोन लागल्या. हसू आलं, आणि तिथेच थांबलं. डॉक्टरांनी तिला काय सांगितलं, हे मी विचारलंच नव्हतं.

तीन महिन्यांत आवाज मोकळा झाला. विठोबाशी सौदा करणं मी सोडलं. जे देईल ते घ्यायचं. आता एकादशीलाही वेळेवर भाकरी खाते आणि मग भजनाला बसते. पहिला अभंग तिच्यासाठी म्हणते. तिचं नावही मला ठाऊक नाही.