फुलीच्या कप्प्यातले सहाशे अकरा

घड्याळजींचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली, पण गल्लीत त्यांना अजून कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नाही. माणूस हाडाचा कारागीर. बेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांच्या मनगटावरची वेळ दुरुस्त केली आणि एवढ्या वर्षांत एक नियम कधी मोडला नाही. गिऱ्हाईक घड्याळ हातात चढवून पायरी उतरेपर्यंत त्यातून काढलेला जुना भाग फेकायचा नाही. मोडका असो, गंजका असो, पत्र्याच्या डबीत पडून राहू दे. नवा बसलाच नाही तर ऐन वेळी काय करणार?

हा नियम त्यांनी जन्मात एकदाच मोडला. आणि मोडायला वेळ तरी कुठली निवडावी!

त्यांना दुसरा नाद होता फोटोंचा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की कॅमेरा बाहेर. समोरच्या गच्चीवरचे कावळे, रस्त्यावरचे भांडणारे लोक, शाळेतून येणारी मुलगी, काहीही. पण सगळ्यांत जास्त फोटो बायकोचे. आणि बायको अशी, की कॅमेरा दिसला रे दिसला की हात आडवा. "अहो, नको म्हटलं ना! काय ध्यान दिसतंय माझं. उडवा तो आधी. माझ्यासमोर उडवा!" नुसतं म्हणून थांबायची नाही, कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढून पहाऱ्याला बसायची.

चांगला आलेला फोटो उडवायचा म्हणजे घड्याळजींच्या अगदी जिवावर यायचं. पण नांदायचं तर त्याच घरात होतं. मग त्यांनी एक शक्कल काढली. फोटो ठेवायच्या त्यांच्या प्रोग्राममध्ये एक कळ दाबली की फोटोच्या कोपऱ्यात लाल फुली उमटायची आणि फोटो नजरेआड व्हायचा.

"गेला?"

"गेला."

"नक्की?"

"अगं, दिसतोय का तुला कुठे?"

हे काही अगदीच खोटं नव्हतं. दिसत तर नव्हताच. फुलीवाले सगळे फोटो आत एका कप्प्यात जाऊन बसायचे. ती बाजारात गेली की हे गृहस्थ तो कप्पा उघडायचे आणि स्वतःच्याच बायकोकडे चोरून बघत बसायचे. बरं, वेळही भरपूर मिळायचा. बाई बाजारात गेली की दोन-दोन तास परतायची नाही, आणि यायची ती हातात चार लिंबं घेऊन. चौदा वर्षं हा चोरटा कारभार सुखाने चालला.

कप्प्यात फोटो किती, याची मोजदाद घड्याळजी पत्र्याच्या एका डबीच्या झाकणात आतून रेघा मारून ठेवत. सहा वर्षांपूर्वी एकदा गडबड झाली. मशीनवरचा आकडा झाकणावरच्या आकड्यापेक्षा एकाने कमी भरला. तीन वेळा मोजलं, तरी एक कमीच. एक स्क्रू हरवला तर टेबलाखाली रांगणारा हा माणूस, पण इथे कुठे रांगणार, आणि तक्रार तरी कुणाकडे करणार? प्रोग्रामला चार शिव्या घातल्या आणि गप्प बसले. तेव्हापासून एकाचा तो फरक तसाच राहिला. शेवटी झाकणावर सहाशे बारा होते आणि मशीनवर सहाशे अकरा.

शेवटी म्हणायचं, कारण आठ महिन्यांपूर्वी ती गेली. छातीत कसंतरी होतंय म्हणाली, पाणी मागितलं, आणि हे पेला भरून आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

नंतर एकदा लांबच्या शहरातून मुलीचा फोन आला. रडत होती. "बाबा, माझ्याकडे आईचा एकसुद्धा धड फोटो नाही हो. सगळ्यांत नुसता तळहात!" तेव्हा घड्याळजींना राहवलं नाही. चौदा वर्षांचं गुपित त्यांनी फोनवर फोडलं. म्हणाले, "रडू नकोस. सहाशे आहेत माझ्याकडे." मुलीने रडं आवरलं. मग म्हणाली, "एकही पाठवू नका. मी रजा काढून येते. आपण दोघं मिळून बघू." रजा मिळाली ती आता, या रविवारपासूनची. खुद्द घड्याळजींनी तरी आठ महिन्यांत तो कप्पा कुठे उघडला होता? एकट्याने उघडायचा धीरच झाला नव्हता.

पोर येणार म्हणून त्यांनी मोठ्या पडद्याचा नवा कॉम्प्युटर आणला. जुना धापा टाकायला लागला होता, आणि जुना प्रोग्राम बनवणाऱ्यांनी तो कधीच बंद केला होता, त्यामुळे तो नव्या मशीनवर चालेना. मग नवा प्रोग्राम बसवला आणि एकवीस हजार फोटो तिकडे हलवायला घेतले. त्याने सुरुवातीलाच चार प्रश्न विचारले. तिसरा होता, 'नाकारलेले फोटो वगळायचे का?' घड्याळजींनी मनाशी विचार केला, आपण कुठे काय नाकारलंय? असेल काही हललेलं, बिघडलेलं, तर कशाला वाहून न्या! केली टिक.

सहा तासांनी पडद्यावर हिरवी खूण आली. सर्व फोटो यशस्वीरीत्या आणले. घड्याळजी खूश झाले. बॅकअपची जुनी डिस्क होती, ती नव्या बॅकअपसाठी पुसून घेतली. जुना कॉम्प्युटर शेजारच्या शाळेतल्या मास्तरांना द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून त्याची डिस्कही साफ केली. तीही साधीसुधी नाही, तीनदा घासून पुसायची सोय होती तीच निवडली. अर्धवट काम त्यांच्या रक्तात नाही ना! डबीतला जुना भाग त्यांनी स्वतःच्या हाताने फेकला, आणि तोही गिऱ्हाईक पायरीवर असताना.

शुक्रवारी सकाळी त्यांनी नव्या प्रोग्राममधला 'लपवलेले' नावाचा कप्पा उघडला. तिथे शून्य होतं.

आधी ते घाबरले नाहीत. बिघाड म्हटला की घाबरायचं नसतं, एकेक चाक तपासायचं असतं. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. फोटोंची यादी नव्याने बांधायला लावली, त्यात सकाळ गेली. पाहिलं तर कावळे दोन-दोनदा आलेले. एका सहलीतले फोटो फिरून सगळे जण आडवे झालेले. तीनेकशे फोटो तर एका खूप जुन्या सालच्या एक जानेवारीवर ढीग होऊन बसलेले. कॅमेऱ्याची बॅटरी संपली की त्याची तारीख घसरायची, त्या दिवसांतले ते. घड्याळजींच्या घरात वेळ चुकलेले तीनशे फोटो, आणि दहा वर्षं नुसतं 'लावू सवडीने'! बायको यावरून किती चिडवायची. पण आता तारखांकडे बघायला कुणाला सवड होती? त्यांना ती हवी होती. फक्त ती.

चेहरे ओळखायची सोय चालू केली. प्रोग्रामने मुलगी ओळखली, मास्तर ओळखले, दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा 'हा कोण?' म्हणून विचारलं. बायकोबद्दल मात्र अवाक्षर नाही. दुपार झाली तरी जेवण नाही. 'दुरुस्ती करा' असं बटण होतं, ते दाबलं. पुन्हा दाबलं. दाबता दाबता ते स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागले, "असणार. इथेच असणार. जाणार कुठे?"

शनिवारी त्यांनी नव्या प्रोग्रामच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची बाई समजूतदार होती. सगळं ऐकून घेतलं.

"काका, ते फोटो तुम्ही नेमके कसे लपवले होते?"

"फुली मारून. कळ दाबली की फुली यायची."

पलीकडे टाइप केल्याची टकटक झाली, मग थांबली. "काका, त्या जुन्या प्रोग्राममध्ये लपवायची सोय नव्हतीच. फुली म्हणजे नाकारलेला फोटो. आणायच्या वेळी तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही टिक केली होती का?"

"मी कशाला नाकारू?" घड्याळजींचा आवाज चढला. "माझी बायको आहे ती!"

"तसं नाही म्हणत काका. जुनी डिस्क आहे ना पण? ती असली तर पाच मिनिटांचं काम आहे."

बाई दोन वेळा "हॅलो, काका?" म्हणाली. त्यांनी फोन हळूच खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. चौदा वर्षं त्या फुलीचा अर्थ त्यांच्यापुरता एकच होता. फुली म्हणजे ती. सगळ्या जगात त्या खुणेचा अर्थ 'नको' असतो, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. सहाशे अकरा वेळा आपण आपल्या हाताने तिच्यावर 'नको' असं लिहिलं, आणि शेवटी कुणीतरी ते खरं मानलं. त्या दुपारी त्यांना मनापासून वाटलं, पाण्याचा पेला आणायला उशीर केला तेवढं पुरेसं नव्हतं, म्हणून आपण तिला दुसऱ्यांदा घालवलं.

रविवारी मुलगी आली. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "चला बाबा, दाखवा!"

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फुलीचं, टिक केल्याचं, तीनदा पुसलेल्या डिस्कचं. काही लपवलं नाही.

"पुसलं?" पोरीचा आवाज फाटला. "तुम्ही? सडका स्क्रू टाकत नाही तुम्ही बाबा! मेलेल्या घड्याळांचे काटे जपून ठेवता! आणि आईला..." पुढे तिला बोलवेना. आत जाऊन तिने दार लावून घेतलं. घड्याळजी शाळकरी पोरासारखे दाराबाहेर उभे राहिले.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, दोन कप चहा केला आणि कॉम्प्युटरपुढे बसली. डोळे लाल. "बाकीचे तरी दाखवा," म्हणाली. दोघं बघत बसले. बघता बघता तो ढीग आला.

"हे काय? एवढे सगळे एक जानेवारीला?"

"तारखा चुकल्यात. लावायच्या राहिल्या."

"घड्याळजींच्या घरात!" अगदी आईच्याच सुरात ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले. "चला, लावू या. दुसरं आता काय करणार?"

ती एकेक फोटो उघडायची, घड्याळजी आठवून साल सांगायचे. शंभरेक झाले असतील. पुढचा उघडला आणि मुलीचा हात तसाच थांबला.

फोटो दुकानातला होता. घड्याळजींच्या खुर्चीत ती बसली होती. डोळ्याला त्यांचं भिंग, हातात चिमटा, ओठ त्यांच्यासारखेच पुढे काढलेले. नवऱ्याची हुबेहूब नक्कल. हात आडवा नव्हता. उघड्या डोळ्याने ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती आणि हसू दाबत होती. भिंगाने अर्धा चेहरा झाकलेला, म्हणून प्रोग्रामला ती ओळखता आली नव्हती.

"बाबा! आई!"

घड्याळजी खुर्चीतून उठले. "हा... हा इथे कसा? याच्यावर मी फुली मारली होती. तिच्यासमोर. मला चांगलं आठवतंय. 'शोभतं का हे या वयात, उडवा,' म्हणाली होती."

"मग फुली गेली कुठे?"

फुली काढायची तर तीच कळ पुन्हा दाबावी लागायची, आणि कप्प्यात जाऊनच दाबावी लागायची. मुलगी तेव्हा घरात नव्हती. मशीनला हात लावणारं घरात दुसरं होतंच कोण? शेजारी खुर्ची टाकून शेकडो वेळा ती कळ बघत बसलेली एक बाई होती, बस्स.

त्यांनी कपाटातून डबीचं झाकण काढलं आणि मुलीच्या हातात दिलं. "मोज. सहाशे बारा आहेत. मशीन एक कमी दाखवायचं. सहा वर्षं मी मशीनला शिव्या घालत होतो गं." "तिला कप्पा ठाऊक होता. आवडला तो एक तिने बाहेर काढून ठेवला, बाकीचे माझे मला राहू दिले. आणि तरी दर वेळी विचारायची, 'गेला?' मी आपला म्हणायचो, 'गेला.'"

मुलीने तो फोटो आधी फोनवर घेतला, मग डिस्कवर, मग आणखी एका डिस्कवर. सहाशे अकरा गेले ते गेलेच, ते आता कुठल्याच दुरुस्तीने परत यायचे नव्हते. घड्याळजी पडद्यापुढे बसून राहिले. आठ महिन्यांत या माणसाने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता मात्र चष्मा काढून ते हुंदके देऊन रडले, आणि रडता रडताच त्यांनी मुलीला विचारलं,

"चार लिंबं आणायला कधी दोन तास लागतात का गं?"