घट्ट पाणी

चाकणच्या कंपनीत जयमालाने अकरा वर्षं माल तपासला आणि एकही खराब पार्ट तिच्या नजरेतून कधी सुटला नाही. नवऱ्याला, शेखरला, लकवा मारला तेव्हा तिने नोकरी सोडली आणि काळेवाडीतल्या खोलीत तितक्याच काटेकोरपणे त्याचं करू लागली. पातळ पाणी देऊ नका, श्वासनलिकेत उतरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ती प्रत्येक पेल्यात पावडर घालून पाणी घट्ट करायची. शेजारच्या छबूबाई म्हणायच्या, "तुझ्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं." तुला झोप लागते का, हे मात्र दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी तिने त्याला साधंच पाणी पाजलं. शेखरला ठसका लागला, डोळे पांढरे झाले. पावडरचा डबा तिच्या समोरच होता. ती विसरली नव्हती. त्याला पुढे वाकवायला ती उठली, पण जरा उशिराच.

आता पेला समोर आला की शेखर आधी चांगल्या हाताने खूण करतो. जयमाला पाण्यात चमचा फिरवून दाखवते. घट्ट आहे याची खात्री पटल्यावरच तो तोंड उघडतो. रोज चमचा फिरवताना ती मनात म्हणते, नीट बघून घ्या.