उरवड्याच्या खाचरातला परदेशी सामना

लांबलांबच्या देशांतल्या संघांशी मैत्रीचे फुटबॉल सामने खेळावेत की नाही, यावर वर्तमानपत्रांत जाणकार लोक अधूनमधून भांडत असतात. एक बाजू म्हणते, एवढा प्रवास करून हाती काय लागतं. दुसरी म्हणते, देशादेशांत प्रेम वाढतं. मला कुणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी सहावीतून शाळा सोडलेला माणूस. पण तसला एक सामना मी स्वतः खेळलो आहे. भांडणाऱ्यांपैकी किती जण खेळलेत, ते मला माहीत नाही.

आमचा सामना झाला उरवड्याच्या भाताच्या खाचरात. मी गोलकीपर होतो.

मी मूळचा तापीकाठचा. मुळशीत आलो तो रस्त्याच्या कामावर. पिरंगुटाजवळ रस्ता रुंद करायचा कॅम्प पडला होता. पहिल्या आठवड्यात ट्रकमधून कौलं उतरवताना वरचा गडी फेकायचा आणि खाली मी झेलायचो. एकही कौल फुटलं नाही. कॅम्पचे साहेब हे बघत उभे होते. त्यांनी तरुणपणी पुण्यात फुटबॉल खेळला होता आणि आता कामगारांची टीम काढली होती. ते म्हणाले, "हा कौलं सोडत नाही, बॉल काय सोडणार." त्या दिवसापासून मी हमाल होतो तो स्टोअरमध्ये कारकून झालो, आणि टीमचा गोलकीपर. साहेबांचे उपकार मी आजही मानतो. थट्टा करतोय असं कुणाला वाटेल, पण तसं नाही. घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर माणूस एकटा असला की ज्यानं सावलीत उभं केलं तो त्याला देवच वाटतो, मग तो फुटबॉलवेडा का असेना.

पण होतो मी रोजंदारीवर. रोजंदारीचा माणूस सकाळी हजेरीला उभा राहतो तेव्हा त्याला एवढंच ठाऊक असतं की काल आपण होतो. आज आहोत का, ते मुकादम सांगणार. त्यात मी एक उद्योग करून ठेवला होता. आईला पत्रात लिहून टाकलं होतं की मी कायम झालो. तिनं ते कुणाकडून तरी वाचून घेतलं, गावात गूळ वाटला आणि त्याच जोरावर माझ्या बहिणीचं लग्न ठरवलं. मुलाकडच्यांना मुलीचा भाऊ कायमच्या नोकरीत हवा होता. लग्नाला दोन महिने होते आणि मुलाचा चुलता कळवत होता, "एकदा तुमच्या कामावर येऊन बघून जाईन म्हणतो." त्याला काय दाखवायचं, याचा विचार मी रोज हजेरीच्या रांगेत करत असे.

अशात एक दिवस साहेबांनी बोलावलं. दूर दक्षिणेला एका धरणाच्या कामावर चार-पाच देशांचे इंजिनिअर होते. त्यांची टीम होती. ती आपल्याशी मैत्रीचा सामना खेळायला येणार. पहाटे जीपनं निघणार, दुपारी पोचणार, संध्याकाळी परत. इतक्या लांबून बॉल लाथाडायला का यायचं, हे त्यांनाच ठाऊक. आमच्या साहेबांचं कारण मात्र साधं होतं. त्या धरणावर खडक फोडायचं एक मशीन होतं आणि ते त्यांना चार महिन्यांसाठी हवं होतं. म्हणून सामना बघायला पुण्याहून मोठे साहेबही येणार होते.

"पाहुणे खूश होऊन गेले पाहिजेत," साहेब म्हणाले, "आणि आपलं नाकही राहिलं पाहिजे. हे जमलं तर तुला कायम करायचा कागद त्याच दिवशी मोठ्या साहेबांपुढं ठेवतो."

"खूश म्हणजे साहेब, त्यांनी जिंकायचं?"

"असं मी म्हटलं का?"

"मग आपण जिंकायचं?"

"वेडा आहेस का? मशीन हवंय आपल्याला."

मी "हो साहेब" म्हटलं. फुटबॉलात तिसराही काही प्रकार असतो, असं धरून चाललो.

मी उरवड्यात एका शेतकऱ्याच्या पडवीत राहत असे. घरधनीण बाईला मी मावशी म्हणायचो. सामना तिच्याच खाचरात ठरला. भात काढून झालं होतं. मधले दोन बांध फोडून तीन खाचरांचं एक मैदान केलं. कोपऱ्यातला तिसरा बांध मावशी फोडू देईना, कारण पलीकडं तिनं वाल टाकले होते. त्यामुळं आमच्या मैदानाला एक कोपरा कमी होता. बायकांनी धसकटं उपटली, कारण टीममधली सात माणसं कॅम्पवर कामाला येणारी पण गावातलीच, अनवाणी खेळणारी. मावशीचा थोरला मुलगा माझ्या पुढं बॅकला असायचा.

साहेबांनी मला बजावलं होतं: पाहुणे आले की चहा-बिस्किटं, जेवण सामन्यानंतर. स्वतः ते मोठ्या साहेबांना आणायला पुण्याला जाणार होते. मी निरोप मावशीला सांगितला.

"कुटनं येनार हायेत?" तिनं विचारलं.

"लांबून. पहाटे निघणार."

"आन दुपारपतोर पोटात काय न्हाई?"

"चहा-बिस्किटं द्यायची आहेत मावशी. साहेबांचा हुकूम आहे."

"पावनं साह्यबाच्या घरी येनार हायेत का माज्या रानात?"

"तुमच्या."

"मंग बिस्किटं साह्यबाला दे."

सामन्याच्या दिवशी सकाळीच बोकड कापला होता. मी पुन्हा एकदा हुकुमाची आठवण दिली. मावशी माझ्याकडं, मी काहीतरी वाईट बोललोय, अशा नजरेनं बघत राहिली. तिच्या पडवीत मी दीड वर्ष राहत होतो, तापात तिनं मला पेज पाजली होती. मी बिस्किटांचे पुडे फळीवर ठेवून दिले. आजही विचार केला तर मी दुसरं काय करू शकत होतो, ते सुचत नाही.

बाराच्या सुमारास दोन जीप आल्या. अकरा गोरी माणसं उतरली, तांबड्या दाढीचा एक उंच माणूस त्यांचा कॅप्टन. त्यांना मांडवात पंगतीला बसवलं. पाय मुडपताना त्यांचे असे हाल झाले की तोच सामना झाला असं म्हणावं. पुढं आंबेमोहोर भात, तांदळाच्या भाकरी, मटणाचा रस्सा, वर तूप. पाहुण्यांना भूक लागली होती, आणि त्यांच्यात ताटात काही टाकणं असभ्य समजत असावेत. त्यांनी ताटं स्वच्छ केली. आमच्यात रिकाम्या ताटाचा अर्थ एकच, माणूस अजून उपाशी आहे. मावशीनं पुन्हा वाढलं. त्यांनी पुन्हा स्वच्छ केलं. मावशीला भरून आलं.

"आयं, त्यास्नी पळायचं हाय," तिचा मुलगा म्हणाला.

"पळत्याल की. उपाशी मानूस पळतुया व्हय?"

मला इंग्रजी यायचं ते 'येस', 'नो' आणि 'थँक्यू'. ताटात थोडं टाका, म्हणजे वाढणं थांबेल, हे या तीन शब्दांत कसं सांगणार? मी कॅप्टनच्या ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि "नो, नो" म्हणालो. त्यानं माझे हात हातांत घेतले, मनापासून दाबले, बाजूला केले, आणि त्यांच्याखालचा भातही ओढून खाल्ला. चौथ्या वाढपाला त्यांच्यातला एक जण भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. गावकरी समाधानानं त्याच्याकडं बघत होते. पाहुणा उठू शकत नाही यापरतं यजमानाला आणखी काय हवं?

तीनला साहेब मोठ्या साहेबांना घेऊन आले. खुर्च्या मांडल्या, आमच्यात पुढं खेळणाऱ्या रोलरच्या ड्रायव्हरनं बॉलला टाच मारून हवा बघितली, कॅम्पच्या हिशेबनिसानं शिट्टी वाजवली. हिशेबनीस रेफ्री होता, कारण घड्याळ त्याच्याकडं होतं.

पाहुणे धावलेच नाहीत. चालत होते, तेही बांधावरून जपून चालल्यासारखे. दहाव्या मिनिटाला रोलरच्या ड्रायव्हरनं मधूनच एक बॉल हाणला. त्यांचा गोलकीपर गोलाच्या बांबूला टेकून उभा होता. बॉल त्याच्या पायांमधून गेला. त्यानं वाकून बघितलं आणि तसाच वाकलेला राहिला.

सगळं गाव बसलं होतं. टाळी एक नाही.

"ह्ये काय बरं न्हाई केलं," एक म्हातारा म्हणाला.

माझ्या मागं गोलाजवळ मावशी उभी होती. "आत्ता जेवून उठल्यात ती," ती म्हणाली. "लाज वाटत न्हाई त्या ड्रायवरला?"

हाफ टाइमला साहेबांनी मला बाजूला ओढलं. "काय खाल्लंय यांनी?"

"बोकड, साहेब."

"मी काय सांगितलं होतं?"

"बिस्किटं."

साहेबांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "तुझा कागद इथं आहे," ते म्हणाले, आणि खुर्चीकडं गेले. माझ्या डोळ्यांपुढं बहिणीच्या सासरचा चुलता उभा राहिला. छत्री घेऊन, हजेरीच्या रांगेत माझं तोंड शोधत.

दुसऱ्या हाफमध्ये गावानं कारभार हातात घेतला. म्हाताऱ्यानं सातही पोरांना दम दिला असावा, कारण पाहुणा बॉल घेऊन आला की आमची माणसं बाजूला होऊन वाट देत होती. मावशीचा मुलगा तर हातानं रस्ता दाखवत होता. तरी पाहुण्यांना ते जमेना. गोलपर्यंत पोचेतो दम लागायचा, मग ते एक हलकीशी लाथ मारायचे, आणि बॉल आपणहून माझ्या हातात यायचा. मी धरायचो. ठरवून नव्हे. हातांना दुसरं काही येतच नव्हतं. प्रत्येक वेळी मागून गाव उसासा टाकायचं.

"सोड की येक," मावशीचा मुलगा माझ्याकडं न बघता म्हणाला.

"मोठे साहेब बघताहेत. सोडला तर गोलीच नालायक म्हणतील."

"आन धरला तर?"

"तर मशीन जाईल."

"मंग तुजं काय बी खरं न्हाई," तो म्हणाला, आणि पुढच्या पाहुण्याला वाट करून द्यायला बाजूला झाला.

शेवटी तांबड्या दाढीचा कॅप्टन स्वतः बॉल घेऊन निघाला. नवरदेवाला देतात तशी सगळ्यांनी त्याला वाट दिली. त्यानं दहा पावलांवरून लाथ मारली. बॉल घरंगळत आला, एका राहून गेलेल्या धसकटाला अडला आणि गोलाच्या रेषेच्या वीतभर अलीकडं थांबला. कॅप्टन गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होता. कुणी हलेना. मी वाकलो. बॉल उचलायचा एवढंच काम होतं, कुठल्याही गोलीनं केलं असतं. खुर्च्यांकडं बघितलं तर साहेबांचा हात खिशावर.

मी सरळ उभा राहिलो, मागं मावशीनं हाक मारलीय असं दाखवून वळलो, आणि वळता वळता माझी टाच लागून बॉल रेषेपलीकडं गेला.

त्या मैदानावर त्या दिवशीची पहिली टाळी तेव्हा पडली. माणसं उठून नाचली. हिशेबनिसानं वेळ संपायला दहा मिनिटं असताना शेवटची शिट्टी वाजवली, कारण एक-एकच्या बरोबरीहून बरं काही होणार नव्हतं. "आता कसं," मावशी म्हणाली. कॅप्टन माझ्याजवळ आला, माझ्या टाचेकडं बघितलं, मग तोंडाकडं. हसला आणि माझा हात हलवत राहिला. मला एकदम रडू आलं. माझ्या ज्या हातांनी कौलं झेलून मला नोकरी मिळवून दिली, त्यांचा मी अपमान केला होता, आणि त्याबद्दल सगळं गाव मला शाबासकी देत होतं.

कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला गेला.

"हाच का तो गोली?" मोठे साहेब म्हणाले. "बॉल तर उभा होता."

"स्टोअरमध्ये फार चांगला आहे साहेब. एक खिळा इकडचा तिकडं होत नाही."

"मग स्टोअरला कायम करा. गोलला नको." आणि सही केली.

पंधरा दिवसांनी चुलता आला, स्टोअरच्या दारावरचं कुलूप आणि माझ्या कमरेची किल्ली बघून गेला. लग्न वेळेवर झालं. खडक फोडायचं मशीन काही आलं नाही. पाहुण्यांनी साहेबांना फार प्रेमळ पत्र लिहिलं, त्यात मशीनचा शब्द नव्हता, परतीच्या सामन्याचं आमंत्रण होतं. देशादेशांत प्रेम वाढलं असावं.

साहेबांनी मला बोलावून पत्र दाखवलं. "पहाटे ट्रकनं निघायचं. मोठ्या साहेबांना कळवायचं कारण नाही, गोलला तूच. जायचं ना?"

मी कायम होऊन महिना झाला होता. "नको साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढला. "का?"

"इतक्या लांब जाऊन काय मिळणार साहेब? मला मिळायचं ते इथंच मिळालं."

त्यांनी टीमच्या यादीचा कागद पुढं ओढला. वाटलं, आता गेलं सगळं. पण त्यांनी नुसता चष्मा पुसून घातला आणि माझ्या जागी मावशीच्या मुलाचं नाव लिहिलं.

टीम जाऊन आली. सोमवारी मावशीचा मुलगा पडवीत पाय शेकत बसला होता. मी विचारलं, किती गोल झाले.

"मोजलं न्हाईत," तो म्हणाला. "आठापतोर ध्यानात हाय. वाट सोडून उबा ऱ्हायलो तरी ती काय दमंनात."

"पाहुणचार?"

"हातात बूट दिलं घालाय. त्येनं फोड आलं." त्यानं पाय वळवून दाखवले. "म्होरल्या बारीला तू जा. तू कायम हायेस. तुला कोन काढतंय?"