जाईबाईंचा नातू

वसंत मेश्राम, आमचे वसंतकाका, यांची आजी नागपूरच्या सूतगिरणीत रिलिंग खात्यात, म्हणजे रिळांवर सूत भरायच्या कामावर होती. जाईबाई तिचं नाव. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत भाकरी बांधायची, तान्ह्या पोराला फडक्यात गुंडाळायचं आणि निघायचं. पोर आत न्यायला परवानगी नव्हती. गेटाबाहेर कडुनिंबाच्या फांद्यांना झोळ्या टांगलेल्या असत आणि वस्तीतली एखादी म्हातारी सगळ्या झोळ्यांवर मिळून नजर ठेवी. रडून आकांत करू नये म्हणून पोरांना अफूचं बोट चाटवलेलं असे... हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, आमच्याही घरात ते झालेलं आहे. त्यातल्याच एका झोळीत काकांचे वडील वाढले. घर कुडाचं, खोली एक, खाणारी तोंडं पुष्कळ, आणि त्या घरात छापलेलं अक्षर वाचता येईल असं एकही माणूस नाही.

त्या बाईचा नातू जर्मनीत, हायडेलबर्गच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून तिचं नाव शोधत होता. दीड महिन्यापूर्वी तो गेला. सुजाताचा, म्हणजे काकांच्या मुलीचा, मला फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. तसंच तिनं सांगितलं, बाबा सकाळी झोपेतच गेले, डॉक्टर येऊन गेले, कुणाकुणाला कळवायचं ते सांग. मग म्हणाली, आज दुपारी ग्रंथालयातलं फिल्म वाचायचं यंत्र त्यांच्या नावावर राखून ठेवलंय, ते रद्द कोण करणार? मी म्हटलं, मी करते. काउंटरवरच्या बाईंनी कारण विचारलं. सांगितलं, तर त्या उठून उभ्या राहिल्या.

काकांची माझी ओळख एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात झाली. फ्रँकफर्टजवळ भाड्यानं घेतलेला हॉल, समोर फुलं, मेणबत्त्या, मागे पुलावाची मोठी पातेली. नवीन आलेल्यांनी उभं राहून ओळख करून द्यायची पद्धत आहे. माझ्या आधीच्या सगळ्यांनी कंपनी आणि हुद्दा सांगितला. मी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, सांगितलं आणि पुढे म्हटलं, माझे वडील नागपूरला गिरणीत होते, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मी हे कुठेही सांगते. काहींना ते जास्त वाटतं, वाटू दे. जेवणाच्या वेळी एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ ताट घेऊन माझ्याजवळ आले. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न, "कोणती गिरणी?" मी सांगितली. म्हणाले, "मंग आपण एकाच भोंग्याचे." एवढं बोलून ते शेजारी बसले आणि पुलावात मीठ कमी आहे म्हणून तक्रार करायला लागले.

शिष्यवृत्तीवर वसतिगृहात राहून ते शिकले, तरुणपणीच जर्मनीत आले, पंप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. पत्नी आधीच गेलेली. त्यांच्या मराठीत नागपूर जसंच्या तसं होतं, फक्त मधे मधे जर्मन 'आल्झो', म्हणजे 'तर मग', यायचं. आणि एकच ध्यास होता. त्यांचे वडील सांगायचे, माझी आई पेपरात आली होती. गिरणीचा संप झाला होता, ती साहेबासमोर बोलली होती, आणि तिचं बोलणं छापून आलं होतं. भाऊबंद हसायचे. अंगठा उठवणारी बाई, ती कोणत्या पेपरात येणार, चिवडा बांधून देतात त्या? लग्नकार्यात, बारशात, कुठेही हा विनोद व्हायचा. शेवटच्या आजारात वडिलांनी मुलाला सांगितलं, तू शिकला, तू शोध. मुलगा तेव्हा इकडे नोकरीत. शोधायला हात लागला तो थेट पेन्शनीत गेल्यावर.

सुरुवात त्यांनी जनगणनेपासून केली, आणि त्याला कारण होते त्यांचे जर्मन शेजारी. या शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या घराण्याचा वंशवृक्ष टांगलेला आहे. दगडखाणीतला मजूर, चांभार, धुणं धुणारी, सगळे नावानिशी आणि धंद्यानिशी. चर्चच्या वह्यांत आणि जुन्या शिरगणतीत त्यांना ते सापडले होते. काकांना वाटलं, इंग्रजांनी आपलीही शिरगणती केलीच आहे की. ग्रंथालयात मध्यप्रांताचे जुने छापील खंड होते. काकांनी ते महिनोन्महिने वाचले. जात आहे, धंदा आहे, बायका किती आणि पुरुष किती ते आहे. नाव एकाचंही नाही. घरोघर जाऊन भरलेले मूळ कागद आपल्याकडे कुणी जपून ठेवले नाहीत, उरली ती बेरीज. एकदा त्यांनी मला बोलावून एका कोष्टकातल्या आकड्यावर बोट ठेवलं. आपल्या जातीच्या, सूत कातण्याच्या धंद्यातल्या बायका. "ह्यात एक माही आजी हाय."

मी म्हटलं, "एक माझी पणजी आहे."

"मंग शेजारणीच झाल्या," काका म्हणाले आणि खंड मिटला. त्यांनी तो विषय तिथेच सोडला. मोजलं इंग्रजांनी, पण नाव विचारलं नाही, एवढंच ते नंतर म्हणाले.

मग पेपर. नागपूरचं एक जुनं साप्ताहिक मायक्रोफिल्मवर होतं, पण दुसऱ्या देशातल्या ग्रंथालयात. इथे ग्रंथालयं एकमेकांकडून पुस्तकं उसनी मागवून देतात, त्या सोयीतून काकांनी फिल्मची रिळं मागवली. आजीनं आयुष्यभर रिळं भरली, मी ती उलगडतोय, असं ते काउंटरवरच्या बाईंना जर्मनमध्ये समजावून सांगायचे. काम इंजिनिअरच्या शिस्तीचं. संपाच्या आधीच्या अंकापासून सुरुवात, एकही पान गाळायचं नाही, जाहिरातीसुद्धा. शोधायचं काय, तर जाई, जाईबाई, मेश्राम. संप संपला, त्यापुढचेही अंक संपले, आजी नाही. काकांनी पुन्हा पहिल्या रिळापासून सुरुवात केली. सुजाता शनिवारी बाड हॉम्बुर्गहून यायची, तिच्या कंपनीतल्या गोष्टी सांगायची, आणि बाबा मधेच संपाबद्दल बोलायला लागायचे. ती मला म्हणायची, बाबांना माझ्या शाळेतल्या बाईंचं नाव कधी आठवलं नाही, पण त्या गिरणीतल्या सगळ्या मुकादमांची नावं पाठ आहेत. रागानं नाही. पण पूर्ण थट्टेनंही नाही.

गाडी पुढे सरकली ती मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनगृहात. आम्ही दोघं बटाटे खात होतो आणि मी माझ्या वडिलांची गोष्ट सांगत होते. आमचे बाबा बरीच वर्षं बदली कामगार होते. सकाळी गेटावर उभं राहायचं, कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आत. एकदा त्यांचे थोरले भाऊ आजारी पडले आणि दिवस गेले तर जागा जाणार, म्हणून बाबा त्यांच्याच हजेरीच्या बिल्ल्यावर कामाला लागले. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, माहीत होतं, पण माग चालू राहिल्याशी त्याला मतलब. तो बाबांना भावाच्याच नावानं, नामदेव म्हणून हाक मारायचा. हे इतकं लांबलं की आई घरीसुद्धा चिडवायची, "नामदेवराव, पाणी आणा." मी हसत सांगत होते. काकांनी काटा खाली ठेवला.

"दुसऱ्याच्या नावावर?"

"हो. तुमच्याकडे नव्हतं का कुणी बदलीवर?"

काकांनी तिथूनच नागपूरला थोरल्या बहिणीला, लीलाताईंना, फोन लावला. फोन स्पीकरवर होता, आजूबाजूचे विद्यार्थी वळून बघत होते. आजी कोणाच्या बिल्ल्यावर होती का, असं काकांनी विचारलं. लीलाताईंना प्रश्नच कळला नाही इतकं ते त्यांना उघड होतं. "काशीआजीच्या. आणखीन कोणाच्या? तिला दमा लागला न बाप्पा, मंग जागा जाऊ नाही म्हणून आपली आजी जायची." काशीआजी म्हणजे जाईबाईंची नणंद. काका म्हणाले, मला कोणी सांगितलं नाही. "तू इचारलं कधी? तू तं पेपर वाचत बसला."

ते जेवण तसंच राहिलं. आम्ही उठून ग्रंथालयात गेलो, काकांनी रीळ चढवलं आणि शोधाशोध न करता नेमक्या अंकावर नेलं. म्हणजे ती बातमी त्यांना माहीत होती. दोनदा वाचून दोनदा ती सोडून दिलेली होती, कारण त्यात नाव होतं काशीबाई. घरातल्या काशीआजीची आठवण त्यांना आली होती, पण अंथरुणाला खिळलेली, बसल्या जागी धापा टाकणारी ती बाई गेटावर भाषण करणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. काशीबाया काय, वस्तीत पुष्कळ... बातमी संपाच्या रकान्यात तळाला. स्त्री-कामगार गेटापुढे बसून राहिल्या, साहेब बाहेर आला, तेव्हा 'रिलिंग खात्यातील काशीबाई नामक बाई कडेवर मूल घेऊन पुढे झाली व म्हणाली की, यंत्रांस तेल पाजावयास तुम्ही माणूस ठेविला आहे, आमच्या लेकरांस दूध पाजावयास आम्हांस सुटी नाही.'

काकांनी ते मोठ्यानं वाचलं. मग मूल या शब्दावर पडद्यालाच बोट लावलं. काशीआजीला कधी मूल झालं नव्हतं. त्यावरून तिनं जन्मभर बोलणी खाल्ली होती. त्या बिल्ल्यावर, त्या खात्यात, कडेवर मूल असलेली बाई एकच होती. आणि कडेवरचं ते मूल काकांचे वडील होते.

मला वाटलं काका रडतील. ते चिडले. बोलणं तिचं छापलं आणि नाव दुसरीचं, हे काय झालं? इथे राहून त्यांना एक सवय लागली होती. स्थानिक पेपरात काही चुकलं की ते संपादकाला पत्र लिहायचे, ट्रामच्या थांब्यापासून कचऱ्याच्या वेळापत्रकापर्यंत, आणि दोन-चारदा पेपरानं चूक दुरुस्त करून छापलीही होती. तशीच दुरुस्ती त्यांना हवी होती. पण ते साप्ताहिक केव्हाच बंद पडलेलं. दुरुस्ती मागायची तर कुणाकडे? मी म्हटलं, अहो काका, तुम्ही लेख लिहा, आपल्याकडच्या पुरवणीत देऊ. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "लेख माह्या नावानं येईल. तिचं नाव पेपरात आलं पाह्यजे. बाबा हेच म्हणत होते." त्यानंतर भेटले की कोणत्या ग्रंथालयाला, कोणत्या संस्थेला लिहावं याचाच विचार. एक रीळ आणखी मागवलं होतं, दुसऱ्या एखाद्या पेपरानं तरी खरं नाव विचारलं असेल या आशेवर. ते रीळ आलं आणि काका गेले.

अंत्यविधीची व्यवस्था बघणारे गृहस्थ घरी आले तेव्हा सुजातानं मला थांबवून घेतलं. वंदना कोण म्हणणार, हॉल किती वेळ मिळणार, हे ठरलं. मग पेपरातल्या निधनवार्तेचा विषय निघाला. इथे काळ्या चौकटीत ती छापण्याची पद्धत आहे, नाव, जन्म-मृत्यू, खाली घरच्यांची नावं. सुजातानं मला विचारलं, पणजी नेमकं काय काम करायची, ते एका शब्दात सांग. मी सांगितलं. तिनं जर्मन शब्द लिहिला आणि कागद पुढे केला. त्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला आणि अदबीनं म्हणाले, मुलांची नावं देतात, जोडीदाराचं देतात, पण मृताच्या आजीचं नाव मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. शिवाय ओळ वाढते. वडिलांच्या इंजिनिअरच्या पदवीलाही जागा लागेल.

"पदवी काढा," सुजाता म्हणाली. "आजी राहू द्या."

आणि माझ्याकडे वळून मराठीत, जरा अडखळत, "बाबांना चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल.

शनिवारच्या अंकात ते आलं. मी बेकरीतून ब्रेडबरोबर पेपर घेतला आणि तिथेच काउंटरशी उभी राहून पान उघडलं. वसंत मेश्राम, आणि खालच्या ओळीत, सूतगिरणी कामगार जाईबाई मेश्राम, नागपूर, यांचे नातू. एक अंक सुजातानं लीलाताईंना टपालानं पाठवला. त्यांना जर्मन येत नाही, पण नावं ओळखता आली. त्यांनी तो भाऊबंदांत फिरवला, आणि आता कोणाला हसायचं असेल त्यानं माझ्यासमोर येऊन हसावं, असा निरोप बरोबर दिला. कोणी आलं नाही, असं कळलं.

जाईबाईंचं बोलणं त्यांच्या हयातीत छापून आलं होतं, नणंदेच्या नावानं. आता त्यांचं नाव पेपरात आलं. स्वतःचं, पूर्ण, धंद्यासकट.